मासा तळ्यावर नाही, टेबलावर हुकतो!

वीकेंड फंडा

इंग्रजीत ‘हुक’ म्हणजे अडकवणं आणि मराठीत ‘हुकणं’ म्हणजे हातचं निसटणं. टेक्सासमधल्या एखाद्या तळ्याकाठी शनिवारी पहाटे रॉड घेऊन उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला हे दोन्ही अर्थ एकाच सेकंदात कळतात. दोरावर टक-टक होतं, छातीत धडधड सुरू होते, आपण जीव खाऊन झटका मारतो आणि... फुस्स! पाण्यातून वर येतं ते गळाच्या बाकात गोळा होऊन बसलेलं प्लास्टिकचं गांडूळ. मासा गेला. तोही बहुधा हसत हसत.

मग आपण काय करतो? पुढच्या वेळी आणखी जोरात झटका मारतो. टीव्हीवरचे प्रो लोक तसंच तर करतात ना! कमरेतून मागे झुकून असा काही दणका देतात की वाटावं, मासा बोटीत नाही, पार्किंग लॉटमध्येच येऊन पडणार. पण बॉस, त्या दणक्याच्या आधी टेबलावर बसून केलेलं दोन मिनिटांचं काम कॅमेरा दाखवत नाही. गळ प्लास्टिकमध्ये कसा ओवला, कुठून काढला, टोक किती झाकलं, इथेच निम्मा निकाल लागलेला असतो. डॅलसच्या आसपास, प्लेनो-फ्रिस्को-अर्व्हिंगच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांपैकी ज्यांना हा छंद लागलाय, त्यांच्यासाठी आणि पुण्या-मुंबईतून तिकडे प्रोजेक्टवर जाऊन एखादा वीकेंड तळ्यावर घालवू पाहणाऱ्यांसाठी आजचा फंडा.

आधी माशाची बाजू

आपला हीरो आहे लार्जमाउथ बास. गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, कुशीवर काळा पट्टा असलेला आणि नावाला जागणारं भलंमोठं तोंड असलेला. हा भक्ष्याला आधी चावत बसत नाही. तो तोंड आणि कल्ले झटक्यात फुगवतो. तोंडात पोकळी तयार होते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. व्हॅक्यूम क्लीनरच म्हणा ना. पसंत नसेल तर तितक्याच झटक्यात ते बाहेरही थुंकतो.

आता विचार करा. तुमचं सहा इंची प्लास्टिकचं वर्म या वावटळीत आत जातं तेव्हा ते सरळ राहतं का? ते दुमडतं, चुरगळतं, त्याचा गोळा होतो. त्या गोळ्यात कुठेतरी तुमचा गळ आहे. तुम्ही झटका मारता तेव्हा गळाच्या टोकाला दोन दारं ओलांडायची असतात. पहिलं दार प्लास्टिकचं, दुसरं माशाच्या जबड्याचं. सगळा जोर पहिल्या दारातच संपला तर दुसरं उघडणार कसं?

जोर किती असतो, हेही एकदा बघाच. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोच्या वर जाऊ नयेत म्हणून घरात एक हातातला लगेज स्केल असतोच. बाहेर मोकळ्या जागेत दोराचं टोक त्याला बांधा, गळ नको, फक्त दोर. मित्राला स्केल धरायला सांगा, वीस पावलं मागे जा आणि रॉडने तुमचा तो ‘भयंकर’ झटका मारा. स्केलवरचा आकडा बघून अहंकार जरा जमिनीवर येईल. रॉड वाकतो, दोर ताणतो, रीळाचा ड्रॅग थोडा सरकतो आणि दंडातली ताकद वाटेत वाटली जाते. टोकापर्यंत पोहोचतो तो जोर अगदी मोजका असतो. म्हणून तो वाढवत बसण्यापेक्षा त्याच्या वाटेतले अडथळे कमी करणं जास्त फायद्याचं.

स्वयंपाकघरातून निघालेलं वर्म

थोडं फ्लॅशबॅक. प्लास्टिकच्या वर्मची कहाणी सुरू होते १९४९ साली, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात. निक क्रीम नावाच्या एका मशीनिस्टने बायकोबरोबर घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि बऱ्याच खटपटीनंतर मऊ, लवलवीत, खऱ्यासारखं हलणारं गांडूळ तयार केलं. पुढे त्याचा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावात जम बसवून राहिला.

सुरुवातीची ही वर्म्स उघड्या गळांची माळ लावून विकली जायची. मोकळ्या पाण्यात ठीक, पण पूर्व टेक्सासची तळी म्हणजे धरणाखाली बुडालेली झाडं, बुंधे आणि गवत यांचं जंगल. उघडा गळ तिथे प्रत्येक फेकीला फांदीत अडकणार. त्यातून एक साधी आयडिया आली : गळाचं टोक वर्मच्या पोटातच लपवायचं आणि पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं सुटं शिसं ठेवायचं. हीच ती जगप्रसिद्ध ‘टेक्सास रिग’.

पण इथेच मेख आहे. टोक लपवलं की फांदी चुकते आणि मासाही चुकू शकतो. सगळी कसरत या दोन टोकांमधली. गवताला टोक दिसू नये, माशाला मात्र लागावं.

वर्मावर बोट

आता प्रत्यक्ष ओवू या. हाताशी सहा-सात इंची सरळ वर्म, ऑफसेट गळ (म्हणजे नेढ्याजवळ दांड्याला पायरीसारखा वळसा असलेला) आणि गोळीशिसं घ्या.

पहिलं, शिसं दोरात ओवा, निमुळतं टोक रॉडच्या बाजूला ठेवून. मग गळ बांधा. पालोमार गाठ सोपी आणि भक्कम : दोर दुहेरी करून नेढ्यातून घ्या, साधी गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढा आणि थुंकीने ओलं करून आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने दोर तिथेच कमजोर होतो.

दुसरं, गळाचं टोक वर्मच्या डोक्याच्या बरोब्बर मध्यात खुपसा. साधारण अर्धा सेंटीमीटर आत गेलं की बाजूने बाहेर काढा. वर्म वर सरकवत नेढ्यापर्यंत आणा, वळशाची पायरी डोक्यात बसली पाहिजे. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक वर्मच्या अंगाकडे येईल.

तिसरं, इथे घाई नको. गळ वर्मच्या शेजारी नुसता लोंबू द्या आणि बाकाचा तळ कुठे येतो ते बघा. नखाने तिथे हलकी खूण करा. टोक त्याच जागी आत जाणार. एक-दोन मिलिमीटर पुढे गेलं तर वर्म ताणलेलं राहतं, मागे गेलं तर मध्ये कुबड येतं. दोन्ही प्रकारात ते पाण्यात पंख्यासारखं गरगरतं. दोराला पीळ पडतो आणि मासा असल्या सर्कशीकडे ढुंकून बघत नाही. साच्याच्या जोडाची बारीक रेघ बहुतेक वर्म्सवर दिसते. ती धरून चाललात तर गळ मध्यातच राहतो.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं. टोक वर्मच्या पोटात नुसतं पुरून ठेवू नका. ते आरपार काढा, पलीकडे पूर्ण दिसू द्या. मग वर्म किंचित पुढे ढकलून टोकाचा अगदी शेंडा त्याच्या वरच्या सालीखाली अलगद खोचा. शर्टाला टाचणी लावल्यासारखा. याचा फायदा समजला ना? वाट आधीच पाडून ठेवलेली आहे. झटका बसला की टोकाला फक्त कागदाइतकी साल फाडायची असते. पुरलेल्या टोकाला मात्र निम्मं प्लास्टिक कापत यावं लागतं. दोन दारांपैकी पहिलं तुम्ही घरीच उघडून ठेवलंत.

पाचवं, बाथटबमध्ये किंवा अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलमध्ये ओढून बघा. सरळ येतंय? पास! शेजारी बघत असतील तर बघू देत. वीकेंड तुमचा आहे.

गॅप महत्त्वाची

गळ घ्यायला दुकानात गेलात की भिंतभर पाकिटं बघून डोकं गरगरतं. घाबरू नका. आधी आकड्यांचं गणित : १/०, २/०, ३/० असे चढत गेलात की गळ मोठा होतो. शून्याशिवाय नुसते २, ४, ६ असतील तर आकडा वाढताना गळ लहान होतो. चार इंची वर्मला १/० किंवा २/०, सहा इंचीला ३/०, सात-आठ इंचीला ४/० आणि दहा इंची अजगराला ५/०. सुरुवातीला एवढं पुरे.

पण लांबीपेक्षा जाडी जास्त बघा. गळाचा दांडा आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे गॅप. मासा जबडा मिटतो तेव्हा प्लास्टिक दाबलं जाऊन याच जागेत कोंबलं जातं. जागा अपुरी असेल तर टोक बाहेर येतच नाही. सुरुवातीला सांगितलेला तो गोळा आठवा.

यावर एक चिमटीची टेस्ट आहे. वर्म ओवून झालं की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ते दांड्यावर दाबा. तुमची चिमटी म्हणजे माशाचा जबडा. टोक स्वच्छ, ठळक बाहेर आलं? मग गळ योग्य. नुसता शेंडा डोकावला किंवा काहीच दिसलं नाही? मोठ्या गॅपचा गळ घ्या. एक्स्ट्रा वाइड गॅप, म्हणजे ईडब्ल्यूजी नावाचे गळ याचसाठी निघाले. खेकड्यासारखे नांग्यावाले, जाडजूड ‘क्रीचर’ प्रकार त्यांनाच शोभतात. बारीक वर्मला साधा गोल बाकाचा ऑफसेट उत्तम. दाट गवतात जाड वेणीचा दोर घेऊन घुसायचं असेल तर सरळ दांड्याचा, जाड तारेचा गळ.

तारेवरून आठवलं. बारीक तारेचा गळ थोड्या जोरात शिरतो, पण जाड दोर आणि काठीसारखा रॉड घेऊन ओढलात तर सरळ होऊन जाईल. जाड तारेचा वाकत नाही, पण शिरायला दम लागतो. नाजूक सेटअपला बारीक आणि दणकट सेटअपला जाड, अशी पत्रिका जुळवा.

आणि धार! गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. अडलं तर धारदार, घसरलं तर बोथट. दगडावर दोनदा घासला गेलेला गळ बोथट होतोच. एका गळाच्या किमतीसाठी अख्खी सकाळ घालवणं याला काटकसर म्हणत नाहीत.

ज्यांना झटका चालत नाही

सगळीच रिग्ज टेक्सासच्या स्वभावाची नाहीत. गॅरी यामामोतो या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागीराने नव्वदच्या दशकात ‘सेंको’ आणलं. दिसायला अगदी मठ्ठ, शेपूट नाही, नक्षी नाही, नुसती कांडी. पण त्यात मीठ भरपूर, त्यामुळे वजनदार. शिसं न लावता सोडलं तरी ते थरथरत हळूहळू खाली जातं आणि बासला तेच भावतं.

याला मधोमध गळ लावला की झालं ‘वॅकी रिग’. दोन्ही टोकं लोंबती, टाय विसरलेल्या मित्राला कुणीतरी मधूनच उचलल्यासारखी. प्लास्टिक मऊ असल्याने गळ थेट टोचला तर चार फेकीत फाटतं. म्हणून मध्ये रबराची छोटी रिंग चढवा आणि गळ रिंगेखालून घ्या. इथे टोक उघडं असतं, म्हणजे पहिलं दारच नाही. म्हणून झटकाही नको. दोराचा झोल गोळा करा, वजन जाणवलं की रीळ फिरवत रॉड बाजूला झुकवा. गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. बारीक तारेच्या गळावर टेक्सास-छाप दणका दिलात तर ओठ फाटेल नाहीतर दोर तुटेल.

तोच न्याय ‘नेड रिग’ला. मशरूमच्या आकाराचं दोन-तीन ग्रॅमचं डोकं, उघडा गळ आणि त्यावर जेमतेम तीन इंची कांडी. इथे ओवताना एकच गोष्ट बघा, कांडी डोक्याला घट्ट टेकलेली आणि सरळ असावी. यातल्या काही कांड्या वेगळ्या, रबरासारख्या ताणणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. त्या नेहमीच्या वर्म्सबरोबर एकाच डबीत ठेवू नका. दोन्ही एकमेकांत विरघळून महिनाभराने डबीत रंगीत चिखल सापडतो.

झटक्याचं टायमिंग

टेबलावरचं काम झालं, आता तळ्यावरचं. टेक्सास रिगला सात फुटी, जरा ताठ, शेंड्याकडे झुकणारा रॉड बरा. दोर तीन प्रकारचे. साधं नायलॉन, म्हणजे आपलं तंगूस, बऱ्यापैकी ताणतं. फ्लुरोकार्बनही ताणतं, पण पाण्यात बुडतं आणि सहसा दिसत नाही. वेणीचा दोर जवळजवळ ताणतच नाही. म्हणून लांबवरच्या माशाला नायलॉनने झटका द्यायचा तर जास्त झोकून द्यावा लागतो आणि वेणीने मनगटाचा हिसकाही पुरतो.

टक-टक जाणवली की आधी रॉडचं टोक पाण्याकडे न्या. घड्याळातल्या नवाच्या आसपास. झोल गोळा करा. दोर ताठ झाला आणि पलीकडे जिवंत वजन लागलं की एका दमात अकरापर्यंत. झोल असताना मारलेला झटका म्हणजे म्यूट केलेल्या कॉलवर दिलेलं प्रेझेंटेशन. तुम्ही जीव तोडून करता, पलीकडे काही पोहोचत नाही.

आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हुकलेल्या झटक्यात शिसं गोळीसारखं उलटं येतं.

‘मग पकडायचा कशाला?’

आता या सगळ्या उपद्व्यापाचा खरा मुद्दा. माझे बाबा रत्नागिरीकडचे, खाडीवर गरी टाकत वाढलेले. सहा महिन्यांसाठी इकडे आले तेव्हा त्यांना तळ्यावर नेलं होतं. चांगला दोन किलोचा बास लागला. मी गळ काढला, फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडला. बाबा बघतच राहिले.

“अरे, एवढा खटाटोप करून सोडून द्यायचा? मग पकडायचा कशाला?”

“बाबा, इथे बरेच जण सोडूनच देतात. मोठा मासा तळ्यात राहिला तर पुढे पिल्लं होतात.”

“आम्ही तर त्याला गरी गिळू द्यायचो. पोटात गेली की सुटायची चिंता नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तुला सोडायचाच असेल, तर गिळून कसं चालेल? गरी त्याच्या ओठातच लागायला हवी.”

आख्ख्या विषयाचं सार बाबांनी एका वाक्यात सांगितलं. खाण्यासाठी पकडणाऱ्याला गळ कुठेही लागला तरी चालतो. सोडण्यासाठी पकडणाऱ्याला तो ओठातच लागला पाहिजे. घशात किंवा कल्ल्यात रुतलेला गळ घेऊन सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण जगेलच याची खात्री नसते. जितकं टोक प्लास्टिकमध्ये अडकून राहतं, जितका वेळ आपण ‘अजून थोडं खाऊ दे’ म्हणत थांबतो, तितका गळ खोल जातो. टोक मोकळं असेल, गॅप पुरेशी असेल तर थांबावं लागतच नाही. टक-टक, झोल गोळा, झटका. गळ ओठात. पाच सेकंदांत निघतो.

पकडून सोडण्याची ही पद्धत अमेरिकेत रुजवण्यात अलाबामाच्या रे स्कॉटचा वाटा मोठा. हा मूळचा विमा एजंट. १९६७ मध्ये अर्कान्सासच्या बीव्हर तळ्यावर त्याने बासची मोठी स्पर्धा भरवली, १९६८ मध्ये बी.ए.एस.एस. ही संघटना काढली आणि १९७२ पासून ‘पकडलेला मासा मारू नका’ अशी मोहीमच सुरू केली. त्याआधी स्पर्धांमध्ये मेलेल्या माशांच्या माळा मिरवल्या जात. नंतर बोटीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या आणि वजन करून मासे परत पाण्यात जाऊ लागले.

टेक्सासने तर पुढची पायरी गाठली. १९८६ पासून तिथे ‘शेअरलंकर’ योजना आहे. तेरा पौंड, म्हणजे सुमारे ५.९ किलो किंवा त्याहून मोठा बास ठरलेल्या हंगामात मिळाला तर तो प्रजननासाठी सरकारी केंद्राला उसना द्यायचा. त्याची पिल्लं राज्यातल्या तळ्यांत जातात. डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावर असलेलं लेक फोर्क अशा राक्षसी माशांसाठीच प्रसिद्ध. तिथे सोळा ते चोवीस इंचांमधला बास पाण्यात परत सोडण्याचा नियम आहे. म्हणजे तिथे गळ कुठे लागला हा प्रश्न तुमच्या मर्जीचा राहतच नाही. मासा सोडायचाच आहे, तर जगेल असाच सोडा.

तरीही कधीतरी गळ खोल जातोच. तेव्हा पक्कड घेऊन ओढाताण करू नका. निघण्यासारखा नसेल तर दोर तोंडाजवळ कापा आणि नियमात बसत असेल तर तोच मासा घरी न्या. बाबा खूश होतील. एरवी हात ओले करून मासा धरा, खालच्या ओठाला पकडताना दुसरा हात पोटाखाली द्या, फोटो एकच. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला तर काढणं अजून सोपं. दोर ताठ ठेवलात तर मासा सहसा सुटत नाही.

फाटकी वर्म्स तळ्यात फेकू नका. मासे ती गिळतात आणि ती पचत नाहीत. खिशात टाका, घरी आणा.

नियम-कायदे आणि आपला देश

टेक्सासमध्ये सतरा वर्षं आणि त्यावरच्या बहुतेकांना फिशिंग लायसन्स लागतं. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायचा असेल तर मात्र लागत नाही, त्यामुळे पाहुण्या आलेल्या आई-बाबांची सोय तिथे करा. लार्जमाउथची सर्वसाधारण मर्यादा किमान चौदा इंच आणि दिवसाला पाच. पण तळ्यागणिक नियम वेगळे, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सोडणं हे पुण्य तिथेच, जिथला तो मासा आहे. जपानच्या बिवा सरोवरात बास हा बाहेरून आलेला उपद्रवी. २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी तिथेच १०.१२ किलोचा बास पकडून जॉर्ज पेरीच्या १९३२ सालच्या जॉर्जियातल्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. पण त्या सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. म्हणून भारतात बास आणून सोडण्याची आयडिया कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच बुडवा. आपल्याकडे तळ्यातला मरळ आणि रायगडच्या खाडीतला जिताडा आहेच. शेपूट हलवणारं प्लास्टिक त्यांनाही आवडतं. टोक मोकळं आणि गॅप पुरेशी, हा हिशोब त्यांच्या जबड्यालाही लागू.

निघण्याआधीची चेकलिस्ट

* गळ नखावर अडतोय?
* गाठ ओली करून आवळली?
* वर्म सरळ लोंबतंय, ना ताण, ना कुबड?
* टोक आरपार काढून फक्त सालीखाली खोचलंय?
* चिमटीत दाबल्यावर टोक ठळक बाहेर येतंय?
* दाट गवत असेल तर शिसं रबरी स्टॉपरने अडवलंय?
* पक्कड, चष्मा, लायसन्स घेतलं?

सातही ‘हो’ असतील तर शुक्रवारी रात्री निवांत झोपा. झटका मारायला दंड कमावण्याची गरज नाही, जिमचे पैसे वाचले. त्या पैशात वर्म्सचं आणखी एक पाकीट येईल. रंग कोणता घ्यायचा? तो वाद पुढच्या वेळी!